चोवीस मिनिटांतली चार

ठिपके हे त्यांचं आडनाव नव्हे. ते मी दिलं, आणि तेही चुकून.

वर्तमानपत्रात मुद्रितशोधक म्हणून लागून मला तीन आठवडे झाले होते. आमचं टेबल जिन्याखाली होतं. दिवसा दिवा लावल्याशिवाय अक्षर दिसत नसे, त्यामुळे मी प्रुफाला नाक लावूनच बसायची. एके दिवशी दुसऱ्या पानाच्या प्रुफात व्यंगचित्राच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा एक डाग दिसला. मी त्याच्याभोवती लाल गोल केला, समासात काढून टाकण्याची खूण केली आणि पान पुढे पाठवलं. छपाईवाल्यांनी डाग काढला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एक उंच, मानेत किंचित वाकलेला माणूस माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याने अंक टेबलावर उघडून ठेवला आणि चित्राच्या रिकाम्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"बाई, तुम्ही मला खोडलंत."

मला काही उमगेना. मग कळलं की तो डाग म्हणजे त्यांची सही होती. ते नाव घालत नसत, फक्त एक ठिपका देत.

"मला वाटलं शाई उडाली," मी म्हटलं.

"वाटणारच. घरीही तेच म्हणतात."

संध्याकाळपर्यंत ही गोष्ट कचेरीभर झाली आणि त्या दिवसापासून ते ठिपके झाले. हळूहळू ते नाव बाहेरही पोचलं आणि वाचकांची पत्रंही 'श्री. ठिपके यांस' अशी येऊ लागली. एका गृहस्थांनी तर आम्हीही ठिपकेच, तुम्ही आमच्यातले कुठले, असं विचारणारं तीन पानी पत्र पाठवलं होतं. त्याला त्यांनी उत्तर पाठवलं की आम्ही कोपऱ्यातले.

रोज चारच्या आत त्यांचं चित्र द्यावं लागे. ते अकराला येत, खिडकीपाशी बसत आणि तीनपर्यंत काही करत नसत. टाक पुसत, कागदाच्या कडा कापत, खालच्या रस्त्याकडे बघत. तीनला एकदम मान खाली जायची ती पावणेचारला वर यायची. चौकशीच्या खिडकीसमोर लागलेली लांबलचक रांग, आणि तिच्या शेवटाला स्वतः चौकशीचा कारकूनच उभा, अशी त्यांची चित्रं. खाली एखादी ओळ असायची आणि त्या ओळीत ऱ्हस्वदीर्घाची निदान एक चूक. मी ती दुरुस्त करायची. "तुमच्यामुळे माझी लाज राहते," असं ते म्हणत, पण शिकत मात्र नसत.

कचेरीत फार थोड्यांना माहीत होतं की हा माणूस चित्रपटही करतो. दोन वर्षं ते कॅमेऱ्याचं शिकले होते आणि मग शिक्षण अर्धवट सोडलं होतं. त्यांच्याकडे चावी देऊन चालवायचा एक जुना कॅमेरा होता. एका रिळात पावणेतीन मिनिटं मावत. जाहिरातपट करणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून उरलीसुरली रिळं मिळायची, कधी मुदत उलटून गेलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्यांत संसार, आणि न्हाणीघरात रीळ धुणं. त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणायची. त्या शाळेत गणित शिकवत. "आमच्याकडे आंघोळीला जायचं तर आधी चित्रपट संपावा लागतो," असं त्या मला पहिल्याच भेटीत म्हणाल्या होत्या, तक्रारीच्या सुरात अजिबात नाही.

एका चित्रपटात वर्षभर एकाच जिन्यावरून जाणारे पाय आणि कठड्यावरचे हात होते, माणूस कुठेच नाही. दुसऱ्यात ते एक चेहरा काढतात आणि खोडरबराने खोडतात, पुन्हा काढतात, पुन्हा खोडतात, शेवटी कागद फाटतो. रविवारी सकाळी एका चित्रपट मंडळात हे दाखवले जात. तेच बारा-तेरा लोक यायचे. मंडळाच्या पत्रकात एकाने त्यांना 'प्रयोगशील' म्हटलं होतं. मी अभिनंदन केलं तर म्हणाले, "प्रयोगशील म्हणजे पुन्हा बोलावणार नाहीत."

एकदा मी विचारलं, हे सगळं कशासाठी. ते थोडा वेळ टाक पुसत राहिले. "चित्र काढतो ते पोटासाठी. आणि हे कशासाठी ते कळलं की थांबेन."

त्यांचे वडील त्यांच्याजवळ राहत. घरात सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांनी चाळीस वर्षं जुन्या सामानाच्या लिलावात पुकारा केला होता. एकेक वस्तू उचलून समोर आणली जायची आणि अण्णा तिचं वर्णन करायचे, खणखणीत आवाजात, शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं. खुर्ची, हातांची, वेताची बैठक, एक पाय दुरुस्त. लपवाछपवी नाही. लोक म्हणत, वस्तू बघायची गरज नाही, अण्णांचं ऐकलं की पुरे.

एका सकाळी चहाचा कप हातात घेतला आणि अण्णांना तो कप म्हणता येईना. पक्षाघाताने उजवा हात गेला होता, आणि नावं गेली होती. बोलता येत होतं, पण भलतंच. वाचेचे उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं, रोज चित्रं दाखवा, साधी, ओळखीच्या वस्तूंची, आणि विचारा हे काय आहे. घाई करू नका.

घरात चित्रकार असताना चित्रं विकत कशाला आणायची. ठिपक्यांनी जाड कागदाचे साठ पत्ते काढले. कप, किल्ली, छत्री, कंगवा, शिडी. प्रत्येक चित्र त्यांच्या त्याच रेघेत, जी लोक रोज दुसऱ्या पानावर बघत होते. रोज सकाळी, शाळेला जायच्या आधी, वहिनी एकेक पत्ता धरायच्या आणि अण्णा सांगायचे. पंधरा दिवसांनी ठिपक्यांनी कोपऱ्यात कॅमेरा लावला. अकरा महिने. अण्णा बरे होतील आणि आपण ते टिपू, असं त्यांना सुरुवातीला वाटत होतं. नंतर मला म्हणाले, "आता फक्त टिपतोय."

अण्णा गेल्यावर दोन महिन्यांनी चित्रपट पुरा झाला. चोवीस मिनिटांचा.

आमच्या संपादकांना कुठून तरी कळलं. माणूस मनाचा मोठा, त्यांनी अंकात चौकट टाकली की आपल्या लाडक्या ठिपक्यांचा चित्रपट येत्या रविवारी. त्या चौकटीचं प्रूफ मीच वाचलं होतं. बारा जणांच्या जागी एकशे ऐंशी माणसं आली. जिन्यात उभं राहून लोक आत डोकावत होते. ठिपके नवा सदरा घालून दाराशी उभे होते. त्यांना मी इतकं खुशीत पाहिलं नव्हतं, त्याआधीही आणि नंतरही.

दिवे गेले. पडद्यावर एक हात आला, त्यात पत्ता. पत्त्यावर छत्री, ती नेहमीची मिस्कील रेघ. लोकांनी ओळखली आणि सभागृहात ऊब पसरल्यासारखं झालं. वहिनींचा आवाज: हे काय आहे? अण्णांचा चेहरा, पडदाभर. ते विचार करतात. मग अगदी पुकाऱ्याच्या थाटात, ठासून म्हणतात, "कपाट. दोन दारी. आरशासकट."

सभागृह हसलं.

मी खोटं सांगणार नाही. मी तिसऱ्या रांगेत होते आणि मी हसले. आधी कोण हसलं ते मला माहीत नाही, पण मी शेवटची नव्हते. कंगवा दाखवला, अण्णा म्हणाले, "पलंग, याला गिऱ्हाईक नाही." किल्ली दाखवली, ते म्हणाले, "पुढच्या महिन्यात." लोक गुडघ्यावर हात मारत होते. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हसून.

मग उत्तरं कमी होत गेली. अण्णा पत्त्याकडे बघायचे, ओठ हलवायचे, शब्द यायचा नाही. लोकांना वाटलं आता मोठा विनोद येणार. ते वाट बघत होते, आणि वाट बघतानाही खुदखुदत होते. अण्णा कॅमेऱ्याकडे बघायचे, म्हणजे मुलाकडे, मदत मागितल्यासारखे, आणि मागे कोणीतरी फुटायचं. माझं हसू तोवर थांबलं होतं. पण ते मी स्वतःच्या बाजूने धरत नाही, फार उशिरा थांबलं होतं. वहिनी मधेच उठल्या. पडद्यावर त्यांची सावली पडली आणि त्या दारातून बाहेर गेल्या.

शेवटची तीन मिनिटं अण्णा काहीच बोलत नाहीत. पत्ते येतात, जातात.

दिवे लागले तेव्हा टाळ्या थांबेनात. लोक ठिपक्यांचा हात हातात घेत होते. "पोट दुखलं हो." "म्हातारा कुठून शोधलात? पक्का नट आहे." ठिपके प्रत्येकाला म्हणत होते, "आभारी आहे. आभारी आहे." माझ्यासमोर आले तेव्हा मलाही तेच म्हणाले.

सोमवारी अकराला कचेरीत हजर. पावणेचारला चित्र दिलं. मी प्रूफ घेऊन मुद्दाम वर गेले.

"ठिपके, काल जे झालं..."

"त्यांची चूक नाही, बाई. वीस वर्षं मीच शिकवलंय त्यांना. माझी रेघ दिसली की हसायचं."

मला तेव्हाच सांगायला हवं होतं की मीही हसले. मी म्हटलं, "या ओळीत 'मी' दीर्घ आहे, तुम्ही ऱ्हस्व काढलाय." आणि खाली आले.

महिन्याभराने त्यांनी मला शनिवारी दुपारी घरी बोलावलं. भिंतीवर चादर, टेबलावर प्रोजेक्टर. वहिनी आतल्या खोलीत उत्तरपत्रिका तपासत होत्या. ठिपक्यांनी माझ्या हातात वहिनींच्या शाळेतलं स्टॉपवॉच दिलं आणि रेघांचा कागद.

"तुम्ही खुणा चांगल्या करता. जिथे हसू येईल तिथे वेळ लिहा आणि खूण करा. मी ते काढतो."

"पण..."

"तुम्ही खोटं बोलणार नाही म्हणून तुम्हाला बोलावलं."

आता ही पुढची गोष्ट समजायला एक सांगायला हवं. त्यांच्या रिळावर धुतल्यानंतर थेट चित्रच उमटायचं. वेगळी निगेटिव्ह नसायची. म्हणजे हातात होती ती एकच प्रत. तिच्यातून जे कापलं ते गेलं.

मी खुणा केल्या. मला वाटलं, मदत करते आहे. कपाट गेलं, पलंग गेला. पुढच्या वेळी चित्रपट एकोणीस मिनिटांचा होता. पण मोठे विनोद गेल्यावर छोटे उठून दिसायला लागले. नुसती भुवई उडाली तरी हसू यायचं. मी खूण करायची. अण्णा ज्या गंभीरपणे पत्त्याकडे बघत, त्या गंभीरपणाचंच हसू यायचं. खूण. चित्रपट अकरा मिनिटांवर आला. ठिपके दर वेळी दिवा लावून कागद बघायचे आणि मान हलवायचे, जसे मी प्रुफात दाखवलेल्या चुका बघून हलवत. ते कधी वाद घालत नसत. दीड-दोन वर्षं हे चाललं. मधे चार-चार महिने जात, मग एखाद्या शनिवारी पुन्हा निरोप.

शेवटच्या खेपेला चार मिनिटं होती. अण्णा कुठेच नव्हते. पांढऱ्या भिंतीसमोर वहिनींचा हात पत्ता धरतो, थांबतो, खाली जातो. आवाज नाही.

"आता हसू येतं?"

"नाही."

"मग काय येतं?"

मी पुष्कळ शोधलं. "काही येत नाही," मी म्हटलं.

त्यांनी प्रोजेक्टर बंद केला. गार व्हायला वेळ लागायचा, तोवर आम्ही दोघं त्याचा पंखा ऐकत बसलो. आतून वहिनींनी विचारलं, चहा टाकू का. ते म्हणाले, टाक. त्यानंतर त्यांनी कॅमेऱ्याला हात लावला नाही.

चित्र मात्र रोज यायचं. पण त्यातलं काहीतरी निघून गेलं होतं. त्यांना आता कोणी हसलेलं नको असायचं आणि काम तर हसवण्याचं. एक माणूस बाकावर बसलाय, एवढंच. खाली ओळ नाही. वाचक विचारू लागले, यात विनोद कुठे आहे. संपादकांनी आधी समजावलं, मग ते निवृत्त झाले. नवे आले त्यांनी दोन रकान्यांचा एक रकाना केला, मग आठवड्यातून तीन दिवस, मग रविवार. बोलणी खाऊनही ठिपके अकरालाच येत राहिले. वर्षभर त्यांना रविवारच्या एका चित्रासाठी आठवडाभर खिडकीशी बसलेलं मी पाहिलं आहे. शेवटी त्यांचं टेबल संगणकासाठी हवं होतं. निरोपसमारंभात नव्या संपादकांनी 'आपल्या सर्वांना हसवणारे' असं भाषण केलं. ठिपके म्हणाले, "आभारी आहे."

मीही पाच वर्षांनी निवृत्त झाले. महिन्यातून एकदा त्यांच्याकडे जायची. ते खुर्चीत असायचे. वहिनी शेजारच्या मुलांची गणितं घ्यायच्या. गप्पा हवापाण्याच्या. चित्रपटाचा विषय त्या घरात कोणी काढत नसे, गेलेल्या माणसाचा काढू नये तसा.

मग एका मुलीचं पत्र आलं. जुने चित्रपट जपणाऱ्या एका संस्थेत ती संशोधन करत होती. मंडळाच्या जुन्या पत्रकात तिने त्या रविवारबद्दल वाचलं होतं. तिला चोवीस मिनिटांचा तो चित्रपट हवा होता. वहिनींनी मला फोन केला, "तू येऊन बस. यांना एकट्याला झेपायचं नाही."

मुलगी समंजस होती. ठिपक्यांनी तिला डबा दिला. "यात चार मिनिटं आहेत."

"बाकीची?"

"काढली."

"तुकडे ठेवलेत?"

वहिनी उठल्या. फळीवरून एक पत्र्याचा डबा काढला. मला ठाऊक नव्हतं, ठिपक्यांनाही ठाऊक नव्हतं. ते कापून कचऱ्यात टाकायचे आणि वहिनी उचलून ठेवायच्या. मुलीने झाकण उघडलं आणि आंबूस वासाने खोली भरली. आत सडलेल्या तुकड्यांचा एकच गोळा होता, गुळगुळीत, एकमेकांत विरघळलेला. तिने एक टोक सोडवायचा प्रयत्न केला तर त्याचा चुरा बोटांना लागला. तिने झाकण लावलं. ती बिचारी आमच्याकडे बघेना.

डब्याच्या तळाशी, वेगळ्या पिशवीत, ध्वनिफिती होत्या. मूळ ध्वनिमुद्रण. चित्रपटात त्यातला फक्त प्रश्न आणि उत्तर निवडून घातलं होतं. त्या चांगल्या राहिल्या होत्या. पुढच्या आठवड्यात मुलगी यंत्र घेऊन आली.

पत्त्याची फडफड. वहिनींचा तरुण आवाज, "हे काय आहे, अण्णा?" बराच वेळ काही नाही. मग, "कपाट. दोन दारी. आरशासकट."

मी खाली बघितलं.

आणि मग फितीवर कोणीतरी हसलं. आधी मला कळेना कोण. घोगरं, घशातून, न थांबणारं हसू. अण्णा हसत होते. वहिनींचा आवाज, हसण्यातून, "अहो अण्णा, मग पावसात कपाट डोक्यावर धरून जायचं का?" अण्णा आणखी हसले. आणि तिसरा आवाज, कॅमेऱ्याच्या मागून, इतका मोकळा हसणारा की मला वळून ठिपक्यांकडे बघावं लागलं.

ते खुर्चीच्या कडेवर आले होते.

फीत पुढे चालत होती. कंगवा, पलंग, हसू. प्रत्येक उत्तरामागे तिघं हसत होते. अण्णा मुद्दाम ठासून बोलत होते, बहुतेक. त्यांना कळत होतं आपण चुकतोय, आणि पुकाऱ्याच्या थाटात चुकायचं असं त्यांनी ठरवलं होतं, मुलगा आणि सून हसावीत म्हणून.

"मीच काढलं असणार हे," ठिपके म्हणाले. "चित्रपट करताना. मला वाटलं असणार, गंभीर विषय आहे."

फीत फिरतच होती.

"बंद करा," ते मुलीला म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "बाई, तुमचे ते खुणांचे कागद आहेत का?"

"नाही. टाकले."

"बरं केलंत." थोड्या वेळाने, "त्या दिवशी तुम्ही हसला होतात का?"

"हसले होते."

"चांगलं हसला होतात?"

"डोळ्यांत पाणी येईपर्यंत."

त्यांनी मान हलवली, तीच, प्रुफातली चूक मान्य केल्यासारखी. मग डोळे मिटून बसले. मुलगी सामान आवरून गेली तेव्हाही उघडले नाहीत.

वहिनी मला जिन्यापर्यंत सोडायला आल्या. मी न राहवून विचारलं, "वहिनी, त्या दिवशी तुम्ही उठून गेलात..."

"लोक हसले म्हणून नाही उठले," त्या म्हणाल्या. "अण्णा हसायचे. मी हसायचे. ते सगळं यांनी काढून टाकलं होतं. पडद्यावर एकटा म्हातारा राहिला होता आणि बाहेरचे लोक त्याला हसत होते. ते मला बघवलं नाही."

"हे त्यांना सांगितलं नाहीत?"

"एकदा विचारलं, कशाला कापताय. म्हणाले, तुला बघवलं नाही म्हणून. मी म्हटलं, हो, नाहीच बघवलं." त्यांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "त्यापुढे ना ते बोलले, ना मी. नंतर बोलून काय होणार होतं, चार मिनिटं राहिली होती."

त्यानंतर ठिपके आठ महिने होते. आजार असा नाही. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. मी गेले की उठून बसत, हसू आणत, पण दहा मिनिटांत थकत. एकदा म्हणाले, "इतकी वर्षं मला वाटत होतं की मी त्यांची थट्टा होऊ दिली. ते एक वेळ बरं होतं." एका सकाळी वहिनी शिकवणीच्या मुलांना बेरजा घालून चहा घेऊन गेल्या तर ते खुर्चीतच गेलेले होते. वर्तमानपत्राने सातव्या पानावर अकरा ओळी छापल्या. चित्रपटांचा उल्लेख नव्हता, आणि मृत्यूची तारीख चुकली होती.

गेल्या महिन्यात त्या संस्थेने ती चार मिनिटं दाखवली. मी गेले, वहिनी आल्या नाहीत. छोटी खोली, अकरा माणसं, सगळी विशी-तिशीतली. हात येतो, पत्ता धरतो, थांबतो, जातो. कोणी हललं नाही. नंतर चर्चा झाली. एकाने म्हटलं की हा भाषेच्या मर्यादेवरचा चित्रपट आहे. दुसरी म्हणाली, पत्ता धरून प्रश्न आपल्यालाच विचारला आहे. ती संशोधक मुलगी माझ्याकडे बघत होती. मी हात वर केला.

"तो त्यांच्या वडिलांना विचारलाय," मी म्हटलं. "ते उत्तरं द्यायचे. शिडी दाखवली की म्हणायचे, 'हिला मी ओळखतो, पण ही आपली नव्हे.'"

मी ते अण्णांसारखंच म्हटलं, मला जमेल तितक्या ठासून. कोणीतरी हसेल म्हणून जरा थांबलेही. सगळ्यांनी गंभीरपणे माना हलवल्या. एकाने वहीत लिहून घेतलं.

परतताना वहिनींकडे गेले. त्या मुलांच्या वह्या बघत होत्या. मी कोण आलं, काय झालं ते सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

"हात दिसतो का माझा?"

"दिसतो. शेवटपर्यंत."

"थरथरतो का? हसू दाबताना थरथरायचा."

मी म्हटलं, नाही. त्यांनी चष्मा घातला आणि पुढची वही ओढली.